विश्लेषण : म्हसवडच्या महिलांनी उभारलेली बँक आज नव्याने उभी राहू शकेल का?

नागरी सहकारी बँकांना नवे परवाने देण्याचा विषय दोन दशकांनंतर पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या पटलावर आला आहे. परवाना द्यायचा तर कोणाला आणि कोणत्या अटींवर, हा यातला कळीचा प्रश्न. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेची वाटचाल त्यासाठी तपासून पाहण्यासारखी आहे.

विषय आताच चर्चेत का?

रिझर्व्ह बँकेने २००४ पासून नव्या नागरी सहकारी बँकांना परवाने देणे थांबवले. गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी १ ऑक्टोबर २०२५ रोजी पतधोरण जाहीर करताना या विषयावर चर्चापत्र आणण्याची घोषणा केली. गेल्या दोन दशकांत या क्षेत्रात झालेली सुधारणा आणि संबंधितांकडून वाढलेली मागणी ही दोन कारणे त्यासाठी देण्यात आली. दरम्यानच्या काळात या बँकांची संख्या सातत्याने घटली. २००४ मध्ये देशात १,९२६ नागरी सहकारी बँका होत्या. विलीनीकरण आणि परवाने रद्द होण्यामुळे आज ही संख्या दीड हजारांच्या खाली आली आहे. या बँका सर्वाधिक संख्येने महाराष्ट्रात आहेत. त्यामुळे परवान्याचे दार उघडते की नाही, आणि उघडले तर किती उंचीच्या उंबरठ्यासह, याचा सर्वाधिक परिणाम राज्यातील तालुक्याच्या गावांवर होणार आहे.

‘गावची बँक’ ही कल्पना कुठून आली?

सहकारी पतपुरवठ्याचा देशातील पहिला प्रयोग बडोद्यात झाला आणि तो मराठी माणसाच्या हातून झाला. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्ये तेथे ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन केली. त्या वेळी देशात सहकाराचा कायदाही नव्हता. तो १९०४ मध्ये आला. त्यानंतर दोनच वर्षांत मुंबई प्रांतात पतसंस्थांची रांग लागली. पुण्याची कॉसमॉस १९०६ च्या जानेवारीत स्थापन झाली. मात्र हे लोण केवळ शहरांपुरते नव्हते. त्याच वर्षी गोकाकमध्ये नागरी पतसंस्था निघाली आणि आजच्या सिंधुदुर्गात कणकवली-मठ व वरवडे येथेही संस्था उभ्या राहिल्या. यातील वरवड्याची संस्था विणकरांची होती.

सावकाराकडे जाण्यावाचून पर्याय नसलेले कारागीर, छोटे दुकानदार आणि पगारदार यांनी आपलीच बचत एकत्र करून आपल्यातीलच गरजूंना द्यायची, हे या संस्थांचे साधे सूत्र होते. भागभांडवल कितीही असो, एका सभासदाला एकच मत. कर्जदार ओळखीचा असल्याने त्याची पत कागदांपेक्षा त्याच्या वागण्यावरून जोखली जाई. सहकाराचा आढावा घेणाऱ्या मॅक्लॅगन समितीने १९१५ मध्ये मध्यम आणि कनिष्ठ मध्यमवर्गासाठी नागरी पतसंस्था उपयुक्त असल्याचे म्हटले. १९१३-१४ मध्ये अनेक खासगी बँका कोसळल्या, तेव्हा ठेवीदार या संस्थांकडे वळले होते. अर्थात, या सूत्रातला ‘गरजू’ बहुतेक वेळा पुरुषच होता. सभासद तोच, कर्जदार तोच आणि संचालकही तोच.

म्हसवडला वेगळ्या बँकेची गरज का भासली?

माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस कमी आणि बेभरवशाचा, त्यामुळे कोरडवाहू शेती, मेंढपाळी, जनावरे आणि ऊसतोडीसाठीचे स्थलांतर यांवर घरे चालतात. पुरुष कामासाठी बाहेर गेले की शेळ्या, कोंबड्या, भाजीचा ठेला किंवा छोटे दुकान सांभाळून घर चालवणाऱ्या महिलाच मागे उरतात. मात्र त्यांच्या नावावर जमीन नसते, की घरही नसते. तारण नाही म्हणून बँक कर्ज देत नाही आणि दिवसाला पाच-दहा रुपये बाजूला टाकणाऱ्यांचे खाते चालवणे बँकेला परवडत नाही.

जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून आलेल्या, मूळच्या मुंबईच्या चेतना गाला १९८० च्या दशकात विजय सिन्हा यांच्याशी विवाह करून म्हसवडला स्थायिक झाल्या. रस्त्याकडेला पाल ठोकून लोहारकाम करणारी एक महिला त्यांच्याकडे आली. पावसाळ्यात पालावर टाकायला ताडपत्री घेता यावी म्हणून तिला थोडे-थोडे पैसे साठवायचे होते, पण तिचे खाते उघडायला बँक तयार नव्हती. कर्ज दूरच, तिला फक्त बचत करायची होती. महिलांची स्वतःची बँक हवी, या विचाराचे मूळ या नकारात आहे.

बँक नसली की काय होते, हे आठवडी बाजारात दिसते. समजा, एखाद्या भाजीविक्रेतीने सकाळी १,००० रुपये उचलले आणि संध्याकाळी १,१०० रुपये परत केले. व्यवहार दोघांनाही सोपा वाटतो, पण त्यात व्याजाचा दर दिवसाला १० टक्के असतो. दिवसभराच्या कमाईचा मोठा भाग त्यातच जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात पसरावा लागतो.

परवाना आधी नाकारला का गेला?

महिलांनी भागभांडवल गोळा करून १९९६ मध्ये रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. तो फेटाळण्यात आला. अनेक प्रवर्तक सभासदांनी सहीच्या जागी अंगठा उमटवला होता. लिहिता-वाचता न येणाऱ्यांच्या हाती बँक कशी द्यायची, असा नियामकाचा आक्षेप होता. नियामकाच्या बाजूने पाहिले तर तो अगदीच गैर नव्हता. ठेवी लोकांच्या असतात आणि हिशेब वाचू न शकणाऱ्या संचालकांना कोणीही फसवू शकतो.

यावर महिलांनी साक्षरता वर्ग सुरू करण्याचा आग्रह धरला. दिवसभराची कामे उरकून त्या शिकू लागल्या. काही महिन्यांनी त्यांचा एक गट पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांना भेटला. आम्ही शिकलो नाही कारण आमच्या गावात शाळा नव्हत्या, पण व्याजाचा हिशेब आम्हाला येतो, असे त्यांचे म्हणणे होते. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या अधिकाऱ्यांनीही तेच गणनयंत्राशिवाय करून दाखवावे, असे आव्हान त्यांनी दिले. १९९७ मध्ये परवाना मिळाला. ग्रामीण महिलांनी ग्रामीण महिलांसाठी चालवलेली देशातील पहिली सहकारी बँक म्हणून तिची नोंद झाली.

या प्रसंगातून दोन गोष्टी समोर येतात. नियामकाने निकष सोडला नाही, आणि महिलांनीही तो सोडण्याची मागणी केली नाही. निकष कशाने सिद्ध होतो, एवढ्यापुरता हा वाद होता. साक्षरता आणि हिशेबाची जाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नियामकाने ऐकून घेतले आणि महिलांनी दोन्ही करून दाखवल्या.

ही बँक चालते कशी?

परवाना मिळाला तरी ग्राहक शाखेत येतीलच असे नव्हते. बँकेत जायचे तर मजुरी बुडते. त्यामुळे बँकेचे प्रतिनिधी बाजारात आणि दारात जाऊन पैसे गोळा करू लागले. पुढची अडचण पासबुकाची होती. पासबुक घरी ठेवले की शिल्लक नवऱ्याला किंवा घरातल्या इतरांना कळते आणि साठवलेले पैसे काढून घेतले जातात, असे महिलांनी सांगितले. त्यावर कार्डाचा पर्याय आला. गुप्त क्रमांकाऐवजी अंगठ्याचा ठसा हवा, हा आग्रहही ग्राहकांचाच होता. क्रमांक कोणीही हिसकावून घेईल, अंगठा कसा चोरणार, हा त्यांचा युक्तिवाद होता. जो अंगठा परवान्याच्या आड आला होता, तोच पुढे खात्याची किल्ली झाला.

कर्ज घेणाऱ्यांना धंद्याचे हिशेब, विक्री आणि किंमत ठरवणे यांचे प्रशिक्षण मिळावे म्हणून २००६ मध्ये ‘उद्योगिनी’ स्वरूपाचे व्यवसाय शिक्षण सुरू झाले, २००८ मध्ये सामुदायिक रेडिओ आला. हे उपक्रम बँक चालवत नाही, तर माणदेशी फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था देणग्यांच्या आधारे चालवते. ही विभागणी महत्त्वाची आहे. प्रशिक्षणाचा आणि समाजकार्याचा खर्च ठेवीदारांच्या पैशांवर पडत नाही. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की अगदी छोट्या ग्राहकाला सांभाळण्याचा सगळा खर्च केवळ व्याजातून निघतोच असे नाही. हे प्रारूप दुसरीकडे राबवायचे तर बँकेसोबत अशी जोडसंस्थाही लागते. ती प्रत्येक गावाला मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

दुष्काळात काय घडले?

छोट्या गावच्या बँकेपुढचा मोठा धोका म्हणजे तिचे सगळे कर्जदार एकाच आभाळाखाली असतात. मोठ्या बँकेचे एका तालुक्यातील कर्ज थकले तरी दुसरीकडची वसुली तिला तारते. गावच्या बँकेला ती मुभा नसते. २०१२-१३ च्या दुष्काळात माणमध्ये चारा आणि पाणी दोन्ही संपले. जनावरांसाठी चारा घ्यायचा म्हणून महिला दागिने गहाण टाकायला बँकेत येऊ लागल्या. सोने तारण असल्याने बँकेच्या दृष्टीने हे सुरक्षित कर्ज होते. मात्र पैसे हाती आले तरी विकत घ्यायला चाराच नव्हता आणि जनावर विकले तर पुढच्या वर्षीची कमाईच संपणार होती.

फाउंडेशनने म्हसवडला चारा छावणी सुरू केली. ती सुमारे दीड वर्ष चालली आणि हजारो जनावरे तेथे जगली. जनावर वाचले म्हणजे कर्जदाराचे उत्पन्नाचे साधन वाचले, आणि पर्यायाने बँकेची वसुलीही. स्थानिक बँकेचे बळ ते हेच, की गावाचे संकट तिला ताळेबंदात उमटण्याआधी दारातच दिसते. मात्र ते निस्तरण्याची ताकद तिच्या स्वतःच्या भांडवलात नसते.

मग परवाने थांबवण्याची वेळ का आली?

माणदेशीला परवाना मिळाला तो काळ उदार धोरणाचा होता. १९९२ च्या मराठे समितीच्या शिफारशींनंतर १९९३ पासून नागरी सहकारी बँकांसाठी परवान्याचे निकष शिथिल झाले आणि दशकभरात शेकडो नव्या बँका आल्या. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक शेअर दलाल केतन पारेख प्रकरणात अडचणीत आली आणि तिच्याकडे पैसे ठेवलेल्या इतर सहकारी बँकांनाही झळ बसली. १९९३ नंतर परवाना मिळालेल्या बँकांपैकी सुमारे एक तृतीयांश बँका अल्पावधीतच कमकुवत झाल्याचे रिझर्व्ह बँकेला आढळले. अखेर २००४ मध्ये नवे परवाने थांबले.

म्हणजे ज्या तुकडीत म्हसवडची बँक होती, त्याच तुकडीतील दर तीनपैकी एक बँक लडखडली. परवानाबंदीचे कारण म्हणूनच खोटे नाही. वाय. एच. मालेगाम यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये, संचालक मंडळाच्या जोडीला व्यावसायिक व्यवस्थापन मंडळ नेमण्याची अट घालून नवे परवाने द्यावेत, अशी शिफारस केली होती. त्यातील व्यवस्थापन मंडळाची अट पुढे १०० कोटी व त्याहून अधिक ठेवी असलेल्या बँकांसाठी आली, नवे परवाने मात्र आले नाहीत.

त्याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण काय सांगते?

म्हसवड ज्या सातारा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील कराड जनता सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्बंध घातले आणि डिसेंबर २०२० मध्ये तिचा परवाना रद्द केला. पुरेसे भांडवल नाही, कमाईची शक्यता नाही आणि ठेवीदारांचे पूर्ण पैसे परत करण्याच्या स्थितीत बँक नाही, अशी कारणे देण्यात आली. ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असेही रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले. पण निर्बंध आणि परवाना रद्द होणे यांत तीन वर्षे गेली. पुण्यातील १९१२ साली स्थापन झालेल्या रुपी बँकेच्या बाबतीत तर ही प्रतीक्षा २०१३ ते २०२२ अशी नऊ वर्षांची होती. मुलीचे लग्न, शस्त्रक्रिया किंवा निवृत्तीनंतरचा खर्च यांसाठी ठेवलेले पैसे इतका काळ अडकणे म्हणजे काय, हे ठेवीदारच जाणतात.

२०१९ नंतर नियम किती बदलले?

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि चित्र पालटले. ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख रुपये झाली. त्याच वर्षी बँकिंग नियमन कायद्यातील दुरुस्तीने सहकारी बँकांच्या व्यवस्थापनावर रिझर्व्ह बँकेला थेट अधिकार मिळाले. तोवर बँकिंग व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे आणि नोंदणी, निवडणूक, प्रशासन सहकार खात्याकडे, असा १९६६ पासूनचा दुहेरी अंमल होता. जबाबदारी नेमकी कोणाची, हे त्यात हरवत असे. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागलेल्या बँकेच्या ठेवीदारांना ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद केली.

एन. एस. विश्वनाथन समितीच्या शिफारशींवर आधारित चार स्तरांची चौकट २०२२ मध्ये आली. एकाच जिल्ह्यात काम करणाऱ्या पहिल्या स्तरातील बँकेला किमान दोन कोटी, तर इतर सर्व बँकांना किमान पाच कोटी रुपयांचे नक्त मूल्य आवश्यक ठरले. १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँका पहिल्या स्तरात येतात. त्यांच्यासाठी भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण नऊ टक्के, त्यावरच्या स्तरांसाठी १२ टक्के आहे.

छोट्या बँकेला हे पेलेल का?

अडचण भांडवलाची आहे. सहकारी बँकेचा भाग दर्शनी किमतीलाच परत मिळतो, तो बाजारात विकता येत नाही आणि कितीही भाग घेतले तरी मत एकच. त्यामुळे बाहेरचा गुंतवणूकदार येत नाही. भांडवल सभासदांकडून किंवा नफ्यातूनच उभे करावे लागते. दुसरीकडे खर्च मात्र मोठ्या बँकेसारखाच वाढत आहे. सायबर सुरक्षा हे त्याचे ठळक उदाहरण. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉससारख्या शतकोत्तर बँकेतूनही सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. तालुक्याच्या गावातील बँकेकडे त्याहून चांगली तटबंदी असणे अवघड.

यावर उपाय म्हणून राष्ट्रीय नागरी सहकारी वित्त व विकास महामंडळ ही शिखर संस्था मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. छोट्या बँकांना सामायिक तंत्रज्ञान, प्रशिक्षण आणि निधीचा आधार देणे हे तिचे काम आहे. ती किती लवकर आणि किती स्वस्तात सेवा देते, यावर छोट्या बँकांचे भवितव्य बरेच अवलंबून आहे.

पुढे काय?

परवाना बंद ठेवल्याने जोखीम संपते, असा समज चुकीचा आहे. ती दुसरीकडे सरकते. गावातील बचत पतसंस्थांकडे आणि मल्टिस्टेट संस्थांकडे जाते. तेथे ना रिझर्व्ह बँकेची देखरेख असते, ना पाच लाखांचा ठेव विमा. मराठवाड्यात अशा संस्था बुडाल्यानंतर ठेवीदारांवर आंदोलनाची वेळ आली, हे अलीकडचेच आहे. त्यामुळे चांगल्या पतसंस्थांना बँक होण्याचा मार्ग खुला करण्यात ठेवीदारांचेही हित आहे.

मात्र प्रवेशाची अट केवळ मोठ्या भांडवलाची ठेवली, तर आधीच मोठ्या असलेल्या संस्थाच आत येतील आणि १९९६ मध्ये अर्ज घेऊन आलेल्या म्हसवडच्या महिलांसारख्यांना दार बंदच राहील. अट अगदी सैल केली, तर १९९३ नंतरचा अनुभव पुन्हा येईल. मधला मार्ग शक्य आहे : पतसंस्था म्हणून काही वर्षांची स्वच्छ कामगिरी, सुरुवातीला मर्यादित कार्यक्षेत्र, एका कर्जदाराला किती कर्ज द्यायचे यावर कडक मर्यादा, संचालकांशी संबंधित कर्जांना पूर्ण मज्जाव आणि शिखर संस्थेचे तंत्रज्ञान वापरण्याची सक्ती. बँका बुडतात त्या बहुधा भाजीवालीच्या कर्जाने नव्हे, तर मोजक्या बड्या कर्जांनी. निकष ठरवताना रिझर्व्ह बँक अर्जदाराचा आकार पाहते की त्याच्या कर्जवाटपाची सवय, यावर पुढच्या ‘गावच्या बँके’चा जन्म अवलंबून राहील.